तीन सुतांची फट

मथुरेची जीभ मिऱ्याच्या बंदरावर सगळ्यांच्या ओळखीची होती. तिच्याशी भांडून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. तिचा नवरा गंगाराम मुंबईच्या गोदीत राहिला तो पोटासाठी की कानांच्या सुखासाठी, यावर बंदरावरची माणसं पैजा लावत. पण भावजय गेली तेव्हा हीच मथुरा दोन वर्षांच्या चिमाला पोटाशी धरून भावाच्या घरी येऊन राहिली, ती राहिलीच. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. चिमा तिची भाची होती हे फक्त शाळेच्या दाखल्यावर. बाकी सगळी ती तिचीच.

धाकटा भाऊ आत्माराम मचव्यावर तांडेल होता. मचव्याचं सुकाणू आणि त्यावरची माणसं दोन्ही त्याच्या हातात. नारळी पुनवेला दर्याला नारळ देऊन मचवा पाण्यात लोटायचा, मग मलबारी लाकूड नि काथ्या भरून वरखाली फेऱ्या मारायच्या, आणि वैशाखात, पाऊस दाराशी येण्याआधी, घरी परतायचं. असं आठ-नऊ महिने तो पाण्यावर. आणि त्या घराची एक रीत होती. मचवा पाण्यात जाताना, आणि वैशाखात परत येताना दिसला की, किनाऱ्याच्या खडपावर, खडकांवर, उभं राहून शंख फुंकायचा तो तांडेलाच्या घरच्या मुलाने. मुलगा असो की मुलगी, घरचं पाहिजे. आत्मारामाने लहानपणी फुंकला होता, त्याच्या आधी त्याच्या बापाने.

चौतीस सालच्या पुनवेला चिमा नऊ वर्षांची झाली होती, म्हणून शंख तिच्या हातात आला. आता खोटं कशाला बोला, पोर गोड होती, डोळे टपोरे, पण वरचे दात इतके पुढे की ओठ मिटायचे नाहीत, आणि खालची हनुवटी आत दडून बसलेली. तिने शंख तोंडाला लावला, गाल फुगवले, आणि नुसतं वारं निघालं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मचव्यावरचा कोणीतरी हसला आणि मग सगळा किनारा हसला. शेवटी चुलत्याच्या केरूने शंख घेतला नि फुंकला.

त्या दिवसापासून चिमाचा हात तोंडावर गेला. हसणं हाताआड, बोलणं हाताआड, शाळेत कविता म्हणायची तीही हाताआड. मथुरा दिवसातून दहादा म्हणायची, "हात काढ गो तोंडावरचा." हात क्षणभर खाली यायचा आणि परत वर.

आत्मारामाला ते बघवेना. कोणीतरी त्याला सांगितलं की रत्नांग्रीच्या बाजारपेठेत मालशे म्हणून दातांचे डॉक्टर आलेत, रंगूनला पंधरा वर्षं काढून, ते लहान पोरांचे दात सरळ करतात. लांबच्या फेरीवर निघायला आठवडा होता. त्याने पोरीला नेलं आणि मथुराही गेली, कारण कुठंही तिला न घेता जायचं धाडस त्या घरात कोणाचं नव्हतं.

मालशे डॉक्टर बारीक, चष्मेवाले, हळू बोलणारे. त्यांनी चिमाच्या तोंडात प्लास्टर भरून ठसा घेतला. पोरीला उमासा आला तशी मथुरेने तिथंच त्यांना चार शब्द सुनावले. डॉक्टरांनी तिला नम्रपणे बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. मग पुढचं सगळं तिने बाकावरून, पडद्याआडून, अर्धं ऐकलं नि अर्धं रागात गमावलं. आत डॉक्टर सांगत होते की वरच्या नि खालच्या दातांमध्ये तीन सूत फट आहे. इंचाचे आठ सूत असतात, हे मचव्याच्या फळ्या बसवून घेणाऱ्या आत्मारामाला सांगावं लागलं नाही. त्याने स्वतःच्या बोटाच्या पेरावर तीन सूत मोजून पाहिले.

त्याने विचारलं, होईल का बरी?

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

हे शब्द मात्र मथुरेने स्वच्छ ऐकले. ती पडदा सारून आत आली. म्हणाली, सांगता येत नाही म्हणजे काय? आमचा देवीचा गुरव अर्ध्या तासात सांगतो, आणि तुम्ही पंधरा वर्षं रंगूनला काय केलंत?

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एक वही काढून दाखवली. अशा पोरांसाठी ते दातांत बसवायची रबराची कवळी करत, ती आजवर एकवीस मुलांना दिली, बारा जणांचं तोंड सुधारलं, नऊ जणांचं नाही. वय, फट, हनुवटीची ठेवण, सगळं मोजून ठेवलं होतं, पण कोणाचं सुधारणार हे पहिल्या दिवशी ओळखायला मोजमाप पुरत नव्हतं. म्हणून ते आताशा काय करत, तर पहिल्याच दिवशी आपला अंदाज चिठ्ठीवर लिहून लिफाफ्यात बंद करत आणि शेवटी उघडून पाहत. आपण कुठे चुकतो ते कळावं म्हणून. चिमाचाही लिफाफा त्यांनी तिथल्या तिथे लिहिला. लिहिण्याआधी चष्म्यावरून एकदा मथुरेकडे पाहिलं, तेव्हा तिला वाटलं डॉक्टर घाबरला.

चार दिवसांनी कवळी तयार झाली. तांबड्या रबराची, वरच्या नि खालच्या दातांत मिळून एकच बसणारी. रात्रभर घालायची, शाळेतून आल्यावर घालायची, जेवताना तेवढी काढायची. बंदरावर ही बातमी वाऱ्यासारखी गेली. म्हाताऱ्यांची असते ती कवळी, तीही दात पडल्यावर. बत्तीशी शाबूत असताना पोरीला कवळी म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मथुरेचं मत वेगळं नव्हतं. पण बाहेरच्यांनी बोललेलं तिला खपायचं नाही. आपलेच दात नि आपलेच ओठ. ती बाहेरच्यांशी भांडायची कवळीच्या बाजूने, आणि घरात भावाशी कवळीच्या विरुद्ध.

आत्माराम निघाला. जाताना बहिणीचा हात धरून म्हणाला, "आक्का, एवढं कर माझ्यासाठी. घालून घे तिच्याकडून." ती हो म्हणाली, पण मनात वेगळंच होतं. होणार की नाही ते डॉक्टरला कळत नसेल, देवीला तर कळतं. आधी विचारून घ्यावं. होणार नसेल तर वर्षभर पोरीचे हाल कशाला?

मंगळवारी ती देवळात गेली. रीत सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो. गुरव देवीच्या मूर्तीला उजव्या डाव्या अंगाला फुलांचे ओले कळे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि वाट बघायची. उजवा कळा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. एक प्रश्न, एक उत्तर. मथुरेने प्रश्न नीट बांधून नेला होता. गुरवाने तो देवीच्या कानावर घातला: "आत्माराम तांडेलाच्या लेकीचे पुढे आलेले दात आत जातील काय, महाराजा?"

डावा कळा पडला. वाट सुद्धा बघायला लागली नाही.

हात दाखवून अवलक्षण ते हेच. मथुरेने पदर खोचला. मग गुरवाला म्हणाली, हे कोणाला सांगशील तर देवळातली घंटा तुझ्या गळ्यात बांधीन. गुरवाने मान हलवली, तो तिला ओळखून होता.

घरी येताना तिने ठरवून टाकलं. कवळी विहिरीत टाकायची आणि पोरीला सांगायचं, हरवली. आत्मारामाला काय सांगायचं ते वैशाखात बघू. घरी चिमा झोपली नव्हती, खेळत नव्हती, ओटीवर भिंतीला टेकून बसली होती, तोंडात कवळी घालून. खालचा जबडा ताणून डोळ्यांत पाणी आलेलं, हनुवटीवर लाळेचा ओघळ, फ्रॉकचा गळा ओला. मथुरेने तिला कवळी काढायला लावली, धुऊन आणते म्हणाली, आणि तडक विहिरीवर गेली. हात कठड्याबाहेर काढला सुद्धा.

मागून चिमा आली होती. हाताआडून म्हणाली, "आत्ये, बाबा आला की शंख मीच वाजवणार. वाजेल ना गो?"

मथुरा जन्मात कधी शब्दाला अडली नव्हती, ती तिथे अडली. देवीने नाही म्हटलेलं अजून कानात होतं. पोरीचे डोळे हातावरून तिच्याकडे बघत होते.

"वाजेल," ती म्हणाली. "न वाजायला काय झालं?"

आणि तिने पोहरा सोडून पाणी काढलं आणि कवळी धुतली.

दुसऱ्या दिवशी ती परत देवळात गेली, कौल लावायला नव्हे. देवीसमोर उभी राहिली आणि जशी बंदरावर बोलते तशीच बोलली. म्हणाली, तू नाही म्हणालीस ते मी ऐकलं. पण पोरीला मी होय सांगून बसले. आता मी काय तुझं ऐकायची नाही. शिक्षा करायची तर मला कर, माझे सगळे दात पाड हवे तर, पोरीला काही करू नको. एवढं बोलून नमस्कार केला नि निघाली. आयुष्यात पहिल्यांदा ती कोणाशी तरी भांडून घरी येऊन रडली.

पुढचे महिने तिने कवळीची जी चाकरी केली तिला तोड नाही. रिठ्याच्या पाण्याने धुवायची, तांब्याखाली झाकून ठेवायची. पहाटे उठून पोरीच्या तोंडात आहे की उशीवर पडली ते चाचपायची. पहिले पंधरा दिवस चिमाचे जबडे ठणकायचे, तिला मऊ भात नि पेज. कवळी तोंडात असताना पोर काय बोलते ते जगात फक्त मथुरेला कळायचं, आणि त्याचा तिला गर्व होता. दर महिन्याला ती पोरीला घेऊन गावात डॉक्टरांकडे चालत जायची. डॉक्टर कवळी घासायचे, तोंडात बघायचे, हूं म्हणायचे. मथुरा काही विचारायची नाही. उत्तर माहीत असलेला प्रश्न कोण विचारतो?

मार्गशीर्षात एक दिवस चिमा अंगणात जेवायला बसली, कवळी काढून दगडावर ठेवली, आणि कावळ्याने ती उचलली. तांबडी, सकाळच्या बांगड्याचा वास लागलेली. त्या बिचाऱ्याचाही काय दोष? तो जाऊन बसला सगळ्यात उंच माडावर. मथुरेने जी हाक फोडली ती ऐकून अर्धं बंदर धावलं, त्यांना वाटलं आग लागली. माडी काढणारा रामा रस्त्याने चालला होता, त्याला तिने हाताला धरून आणलं. तो वर चढेपर्यंत ती खाली पदर पसरून उभी, मान वर, कावळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला. रामाने झावळ्यांतून कवळी काढून खाली टाकली, ती तिच्या पदरात पडली. एका कोपऱ्याला चोचीचा ओरखडा होता, बाकी शाबूत. घरात येऊन तिने आधी कवळी रिठ्याच्या पाण्यात टाकली. मग तिचं तिलाच हसू आलं, की हीच ती कवळी, जी मी विहिरीत टाकायला निघाले होते.

शिमग्याला गंगाराम मुंबईहून आला. त्याने थट्टेने म्हटलं, पोरीची कवळी तुला घालायला हवी होती, बंदराला जरा विसावा मिळाला असता. बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढे आठ दिवस कवळीचं नाव काढलं नाही. उलट जाताना चिमाला खाऊला दोन आणे देऊन गेला.

चैत्र लागला. पोरींनी कैऱ्या पाडल्या होत्या, मीठ लावून खात होत्या. मथुरा केर काढत असताना पायरीवर एक अर्धी खाल्लेली कैरी दिसली. तिने ती उचलली, टाकणार, आणि थांबली. कैरीवर दातांच्या खुणा होत्या. वरच्या चार, आणि त्यांच्या बरोबर खाली, चार खालच्या. चिमाने आजवर पुढच्या दातांनी कधी काही तोडलं नव्हतं, ते दात एकमेकांना भेटायचेच नाहीत. ती दाढेखाली धरून खायची.

"ही कोणी खाल्ली?" मथुरेने विचारलं.

"मी," चिमा म्हणाली. तिला वाटलं मीठ जास्त घेतलं म्हणून विचारतेय.

मथुरेने पोरीची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. सात महिने तिने त्या तोंडाकडे नीट बघायचंच टाळलं होतं. ओठ मिटलेले होते. सहज, ओढूनताणून नाही. बाजूने बघितलं तर हनुवटी जागेवर, अगदी आत्मारामासारखी. मथुरेला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्याच्या पाठोपाठ भीती आली. देवी खोटं बोलत नाही. मग हे काय? दिलेलं परत घेणार की काय ती?

ती तशीच, केराचा हात धुऊन, पोरीला घेऊन गावात गेली. महिन्याच्या ठरलेल्या भेटीला अजून दहा दिवस होते. डॉक्टरांपुढे ती बसली आणि सात महिने कोणालाही न सांगितलेलं सगळं सांगितलं, कौल, डावा कळा, विहीर. सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की डॉक्टरांना खुर्ची पुढे ओढावी लागली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मथुराबाई, देवीला तुम्ही नक्की काय विचारलंत?"

"काय विचारणार? पोरीचे दात आत जातील काय."

डॉक्टर उठले. कपाटातून त्यांनी पहिल्या दिवशीचा प्लास्टरचा ठसा काढला, चिमाचा नवा घेतला, आणि सुकल्यावर दोन्ही शेजारी ठेवले. पट्टी तिच्या हातात दिली, मोजा म्हणाले. मथुरा तांडेलाची बहीण, सूत तिलाही कळत होतं. तिने मोजलं. तीन सुतांची फट आता अर्ध्या सुताची राहिली होती. पण वरचे दात? ते होते तिथेच होते, तसूभर हलले नव्हते. हललं होतं ते खालचं. अख्खा खालचा जबडा पुढे आला होता.

डॉक्टर म्हणाले, ही कवळी दात आत ढकलायची नव्हेच. पोर वाढत असते तोवर खालच्या जबड्याला पुढे यायला शिकवायची. हे त्या दिवशी आत्मारामाला सांगत होतो, तेव्हा तुम्ही बाकावर बसून माझ्या नावाने बोटं मोडत होतात. दात आत जातील का, असं मला विचारलं असतंत तर मीही नाहीच म्हणालो असतो. "देवीनं बरोबरच सांगितलं. विचारायला आपण चुकलो."

मथुरेने दोन्ही ठसे पुन्हा एकदा मोजून पाहिले. सात महिन्यांचं ओझं एकाएकी उतरलं. डॉक्टरांनी तिला पाणी दिलं.

मग तिला आठवलं. म्हणाली, देवीचं झालं, तुमचा लिफाफा काय म्हणतो?

डॉक्टर जरा घुटमळले. तो वर्ष भरल्यावर उघडायचा असतो, म्हणाले. पण मथुरेपुढे कोणाचं चाललंय? त्यांनी लिफाफा काढला, फोडला, आणि वाचण्याऐवजी चिठ्ठीच तिच्या हातात दिली. मथुरेला वाचता येत नव्हतं. तिने ती चिमाकडे दिली. चिमाने मोठ्याने वाचली, अक्षर न् अक्षर स्वच्छ.

"वय योग्य. मुलगी सोशीक. परंतु घरी आत्या आहे, तिचा विश्वास नाही. महिन्याच्या आत कवळी विहिरीत जाईल. यश येणार नाही."

 डॉक्टर चष्मा पुसत होते, पुसून झाला तरी पुसत होते. ते म्हणाले, मला क्षमा करा.

"क्षमा कसली," मथुरा म्हणाली. "खोटं नाय लिहिलंत. हात कठड्याबाहेर होता माझा."

डॉक्टरांनी वही उघडली. आतापर्यंत त्यांच्या रकान्यांत वय होतं, फट होती, हनुवटी होती. त्यांनी आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं: घरी कोण आहे. चिमाच्या नावापुढे त्या रकान्यात काय लिहू, असं त्यांनी मथुरेलाच विचारलं. ती म्हणाली, लिहा तुम्हाला हवं ते, मला कुठं वाचता येतंय. त्यांनी लिहिलेला एकच शब्द चिमाने वाचला, पण घरी जाईपर्यंत आत्याला सांगितलं नाही, नुसती हसत राहिली. हात सवयीने मध्येच तोंडाकडे जायचा.

वैशाखात, शुद्ध पक्षात, एका दुपारी शिडावरच्या निळ्या ठिगळावरून मचवा ओळखू आला. चिमा शंख घेऊन खडपावर पळाली. बंदर जमलंच. केरूही होता, लागला तर असावा म्हणून. मथुरा मागे उभी राहिली, जवळ जायची तिची छाती होईना.

पहिल्या फुंकीला वारं निघालं. कोणी हसलं नाही. मथुरेने बंदराकडे अशी नजर फिरवली होती की हसायची कोणाची टाप नव्हती. चिमाने शंख खाली घेतला, ओठ पुसले, मिटले, परत लावला. आणि शंख वाजला. लांब, भरलेला, मध्ये जरा कापरा झाला नि परत सावरला. खाडीपलीकडून त्याचा आवाज परत आला.

मचव्यावर आत्मारामाने सुकाणू दुसऱ्याच्या हातात दिलं आणि पुढच्या टोकाला, नाळेवर, येऊन उभा राहिला. इतक्या लांबून त्याचं तोंड दिसत नव्हतं, पण डोईचं मुंडासं काढून त्याने दोन्ही हातांनी वर धरलं, ते दिसलं. चिमा पुन्हा पुन्हा फुंकत होती, दम लागेपर्यंत, आणि मग शंख काखेत धरून वळली, आत्याला शोधत, सगळे दात दाखवत हसत.

मथुरेला काही दिसत नव्हतं. तिने पदराचा बोळा करून तोंडावर हात दाबून धरला होता, हुंदका बाहेर येऊ नये म्हणून.

चिमा खडपावरून उड्या मारत तिच्याजवळ आली, तिचं मनगट धरलं आणि खाली ओढलं.

"आत्ये," ती म्हणाली, "हात काढ गो तोंडावरचा."